काकू उठल्या की बंद

घरात नवी वस्तू आली की दोन दिवस तिचे कौतुक होते, चार दिवस शेजारीपाजारी येऊन बघून जातात आणि पाचव्या दिवसापासून ती घरचीच होऊन जाते. डोंबिवलीच्या काकूंकडे आलेल्या नव्या संगणकाचे मात्र तसे झाले नाही. तो घरचा व्हायलाच तयार नव्हता.

खरे म्हणजे तो पुरता नवा नव्हताच. बाहेरचा डबा जुना, मॉनिटर जुना, कीबोर्ड तर इतका जुना की त्यावरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसून गेलेली. नवे होते ते आतले: मदरबोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी.

इमारतीत सगळे त्यांना काकू म्हणतात, छापखान्यातली माणसेही काकूच म्हणतात. लग्नाआधी दादरच्या एका छापखान्यात त्या मुद्रिते तपासायच्या. खिळे जाऊन डीटीपी आले तेव्हा बरोबरीच्या बायका माऊसला हात लावायला बिचकत होत्या, काकू मात्र महिनाभरात पेजमेकर शिकल्या. पुढे पेजमेकर गेले, इनडिझाइन आले, जुने फाँट गेले, युनिकोड आला. काकू प्रत्येक बदलात थोड्या कुरकुरल्या आणि शिकल्या. गेली कित्येक वर्षे त्या घरच्या घरी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पाने लावून देतात. आता वय अठ्ठावन्न. काका वीज मंडळाच्या सबस्टेशनमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. चिरंजीव ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत.

हे सगळे २०२३ सालातले. घरचा संगणक २०१२ चा होता. दोनशे पानांची फाइल उघडायला लावून काकू एक पोळी लाटून, भाजून यायच्या आणि तरी तो घरघरतच असायचा. गणपतीच्या आधी चिरंजीवांना बोनस मिळाला आणि त्यांनी जाहीर केले, "आई, या वर्षीचा दिवाळी अंक तू नव्या मशीनवर लावायचा."

रविवारी, १० सप्टेंबरला, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून शस्त्रक्रिया झाली. चिरंजीवांनी प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पांढरी पेस्ट लावली, वर पंखा बसवला. काका बॅटरी धरून उभे होते. वीजपुरवठा करणारा चौकोनी डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो तेवढा जुनाच ठेवला. त्यावर ४५० वॅट असे छापलेले होते आणि चिरंजीवांच्या हिशेबाने सगळे भाग मिळून दोनशे वॅटही लागणार नव्हते. हिशेब चुकीचा नव्हता. संध्याकाळी सहाला संगणक सुरू झाला. मदरबोर्ड बदलल्यामुळे विंडोजने आपला परवाना पुन्हा मागितला, तेवढी एक कटकट झाली. पण दोनशे पानांची फाइल चुटकीसरशी उघडली आणि काकूंनी चिरंजीवांच्या हातावर साखर ठेवली.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, काकू कुकर लावायला उठल्या. परत येऊन बघतात तो मॉनिटर काळा. क्षणभराने कंपनीचे बोधचिन्ह उमटले, विंडोज नव्याने सुरू झाले. संगणक आपला आपण बंद पडून आपला आपण चालू झाला होता. वीज गेली असेल, असे काकूंना वाटले. पण पंखा तर फिरत होता.

दुपारी पुन्हा. गुरुवारी दोनदा. शुक्रवारी एकदाही नाही, म्हणून काकूंनी देवापुढे दिवा लावला, तर शनिवारी तीनदा.

संगणक बंद पडतो तेव्हा पुष्कळदा निळा पडदा येतो, त्यावर कसले तरी कारण लिहिलेले असते. ते कारण बरोबर असतेच असे नाही, पण शोधायला एक टोक तरी मिळते. इथे तेही नव्हते. चिरंजीवांनी विंडोजची नोंदवही उघडली. तिच्यात 'कर्नल-पॉवर, ४१' अशी एकच ओळ पुन्हा पुन्हा होती. तिचा अर्थ इतकाच, की संगणक रीतसर बंद न करता बंद झाला. माणूस कशाने गेला असे विचारावे आणि हृदय बंद पडल्याने गेला असे उत्तर मिळावे, तशातला हा प्रकार.

मग चिरंजीव रोज रात्री कामावरून आल्यावर एकेक चाचणी करू लागले. आधी तापमान पाहिले. प्रोसेसरला तासभर पूर्ण कामाला लावले, पंखा गरगर फिरला, तापमान मर्यादेतच राहिले आणि संगणक मख्खपणे चालू राहिला. मग मेमरीवर संशय आला. नवीन मेमरीच्या पट्टीवर ३२०० असा वेग छापलेला असतो, पण तो वेग पुष्कळदा बायॉसमध्ये एक्सएमपी नावाचे कलम चालू केले तरच मिळतो. तेव्हा मेमरीचे व्होल्टेजही १.२ वरून बहुधा १.३५ वर जाते. काही मदरबोर्डांना ते झेपत नाही. चिरंजीवांनी ते कलम बंद केले. फरक नाही. मग मेमटेस्ट८६ नावाची चाचणी पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवली. सकाळी पाहिले तर एकही चूक नाही, आणि रात्रभरात संगणक एकदाही बंद पडलेला नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे तेव्हा कुणाचेच लक्ष गेले नाही.

मध्ये दीड दिवसाचा गणपती येऊन गेला. ते दोन दिवस संगणकावर कापड घातलेले होते. गणपती गेल्यावर चिरंजीवांनी विंडोज पुसून नव्याने टाकले, म्हणजे काकूंचे सगळे फाँट, कीबोर्डच्या सवयी, जोडाक्षरांच्या युक्त्या यांची दोन दिवस नव्याने मांडामांड. बायॉसही नवे केले. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून काकांनी त्यासाठी खास यूपीएस आणला आणि काम होईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसले, जणू हाताने वीज थांबणार होती. काकांनी घरातला वीजपुरवठाही तपासला. मीटर लावून पाहिला तर २२८ व्होल्ट. अर्थिंग ठीक. घरची वीज निर्दोष सुटली.

बंद पडणे चालूच राहिले. शुक्रवारी, २२ सप्टेंबरला, त्यात दिवाळी अंकातल्या एका दीर्घ कथेची फाइल गेली. गेली म्हणजे उघडेचना. चौदा पाने लावलेली, चित्रांसकट. आपोआप जपून ठेवलेली प्रतही अर्धीच निघाली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, तू उठताना नक्की काय करतेस?"

"उठते."

"तसं नाही गं. पायाचा धक्का लागतो का? गाऊन वायरीत अडकतो का?"

"बावीस वर्षं त्याच खुर्चीतून उठते आहे मी."

"हो, पण माझ्यासमोर तो एकदाही बंद पडत नाही. काल चार तास बसलो होतो त्याच्यावर. एकदाही नाही. मग तुझ्याकडूनच काहीतरी होत असणार ना? न कळत."

हे शब्द तो रागाने बोलला नाही. उलट समजुतीच्या स्वरात बोलला, आणि तोच स्वर काकूंना लागला. अशा स्वरात आपण म्हाताऱ्या सासूबाईंशी बोलायचो, हे त्यांना आठवले. त्याने टेबलाखालच्या वायरी चिकटपट्टीने बांधून भिंतीकडे सरकवल्या. दुसऱ्या दिवसापासून काकू खुर्चीतून उठताना आधी दोन्ही पाय वर घेऊ लागल्या आणि मग बाजूने उतरू लागल्या. तरी संगणक बंद पडायचाच.

रात्री अंथरुणावर त्या काकांना म्हणाल्या, "अहो, पुढच्या वर्षापासून अंक घ्यायला नको."

"का गं?"

"हात चुकत असेल माझा. कळत नसेल मला."

काकांनी यावर काही उत्तर दिले नाही. बहुधा सुचले नाही.

पण मुद्रिते तपासणाऱ्या माणसाचा एक स्वभाव असतो. आपली चूक असेल तर ती कोणत्या ओळीत आहे, हे त्याला बघावेच लागते. काकूंनी दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांची शाळेतली एक अर्धी कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि लिहायला सुरुवात केली. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात आपण काय करत होतो, तिसऱ्यात संगणकाने काय केले. आपली चूक सापडावी म्हणूनच ती वही होती. कुणाला दाखवायचा त्यांचा विचार नव्हता.

आठवडाभरानंतर चिरंजीवांनी हात टेकले. शनिवारी, ३० तारखेला, बाप-लेक संगणकाचा डबा चादरीत गुंडाळून लॅमिंग्टन रोडला निघाले. ज्यांनी डोंबिवलीहून असा ऐवज लोकलने नेला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सामानाच्या डब्यात कोथिंबिरीच्या गोण्यांच्या मधोमध डबा मांडीवर घेऊन काका बसले, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेला आले, ग्रँट रोडला उतरले. पाटीवर त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाचे भाग घ्यायला जाणारा कुणीही ते नाव घेत नाही. दुकानदाराने डबा ठेवून घेतला. मंगळवारी सांगितले, "साहेब, दोन दिवस फुल टेस्टिंगवर ठेवला होता. एक मिनिट बंद केला नाही. मशीन एकदम ओके आहे." तपासणीचे पाचशे रुपये घेतले. त्याने काम चोख केले होते, यात शंका नाही.

मंगळवारी संध्याकाळी संगणक जागेवर आला. काकूंनी फाइल उघडली, एक परिच्छेद नीट केला आणि दूधवाल्याचे पैसे द्यायला दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात तो बंद.

अंक छापखान्यात जायची तारीख १० ऑक्टोबर होती. संपादकांचा रोज फोन यायचा. काकू "होतंय, होतंय" म्हणायच्या.

बुधवारी रात्री काका पेन्सिल शोधत होते, तेव्हा कीबोर्डखाली ती वही त्यांच्या हाताला लागली. ते उभ्यानेच वाचू लागले, मग चष्मा लावून खुर्चीत बसले.

'११.४०. कुकर लावायला. बंद.'

'१२.०५ ते १.३०. टाइप. ठीक.'

'४.१०. कचरेवाला. बंद.'

'५.२५. संपादकांचा फोन, वीस मिनिटे. बंद.'

'६.०० ते ७.१५. चित्रे बसवली. पंखा जोरात. ठीक.'

'३.२०. प्रूफ कागदावर वाचत होते. इथेच बसून. हात लावला नाही, पाय लावला नाही. बंद.'

अशी साडेतीन पाने. बत्तीस वर्षे काकांनी सबस्टेशनमध्ये दर तासाला लॉगशीट भरली होती. रकाने वाचायची त्यांना सवय होती, आणि रकाने काय म्हणतात ते माणसांपेक्षा त्यांना लवकर कळायचे. त्यांनी आत हाक मारली.

"अरे, इकडे ये. हे लोड असताना ट्रिप होत नाहीये. लोड नसताना होतंय."

चिरंजीव आले. वही वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"रात्री लोड उतरला की आमच्याकडे लाइनचं व्होल्टेज चढायचं," काका म्हणाले. "सगळे म्हणायचे, रात्री काय काम असतं तुम्हाला? अरे, रात्रीच तर बघावं लागायचं."

त्या क्षणी सगळ्या चाचण्यांचा अर्थ उलटा झाला. तापमानाची चाचणी, मेमरीची रात्रभराची चाचणी, दुकानदाराचे दोन दिवस, चिरंजीवांचे चार तास, या सगळ्या वेळी प्रोसेसर कामात होता. तो रिकामा बसायचा तो फक्त काकू उठल्या की. गेला महिनाभर सगळ्यांनी संगणकाला पळवून पळवून पाहिले होते. त्याला नुसते बसवून कुणी पाहिलेच नव्हते.

मग तिघांनी चहाचे कप घेतले आणि संगणकासमोर हाताची घडी घालून बसले. कुणी माऊसला हात लावायचा नाही. समोर घड्याळ. गणपतीच्या आरतीलाही या घरात इतकी शांतता नसते. सतराव्या मिनिटाला टक् असा बारीक आवाज झाला आणि मॉनिटर काळा पडला. काकूंचे दोन्ही पाय तेव्हा खुर्चीवर होते.

चिरंजीवांनी संगणक चालू करून प्रोसेसरला मुद्दाम कामाला लावले. पाऊण तास काही झाले नाही. काम थांबवले. नवव्या मिनिटाला बंद.

आता काय शोधायचे ते माहीत होते, म्हणून ते अर्ध्या तासात सापडले. जुने प्रोसेसर काम नसतानाही बऱ्यापैकी वीज खात. नवे प्रोसेसर काम संपले की क्षणार्धात गाढ झोपतात. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल नावाचे प्रोसेसर आले तेव्हाच हा प्रश्न चर्चेत आला होता. त्यांच्या सर्वांत गाढ झोपेत बारा व्होल्टच्या तारेवरची मागणी ०.०५ अँपिअरपर्यंत खाली जाऊ शके, आधीच्या पिढीत ती ०.५ च्या आसपास असे. काही जुने एसएमपीएस इतक्या कमी मागणीसाठी बनवलेलेच नव्हते. ४५० वॅट हा आकडा जास्तीत जास्त किती देता येईल ते सांगतो. कमीत कमी किती मागितले तर तो तग धरेल, हे डब्यावर छापलेले नसते. सिग्नलला उभी राहिली की बंद पडणारी जुनी रिक्षा सगळ्यांनी पाहिली आहे. धावताना तिला काही होत नाही. म्हणून रिक्षावाला सिग्नलला उभा असतानाही मूठ पिळत राहतो.

संगणकातही ती मूठ असते. नव्या मदरबोर्डच्या बायॉसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचे एक कलम होते. ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवले की प्रोसेसर तितका गाढ झोपत नाही, थोडी वीज मागत राहतो. चिरंजीवांनी ते बदलले. पुढच्या शनिवारी नवा एसएमपीएस आला, तो बसवल्यावर त्यांनी हे कलम मुद्दाम पूर्ववत केले आणि रिकामा संगणक दिवसभर चालू ठेवून पाहिला. तरी तो बंद पडला नाही, तेव्हा दोष जुन्या डब्याचाच होता याची खात्री झाली. पण ते नंतरचे.

असे चुकीच्या जागी बोट दाखवले जाणे एकट्या काकूंच्या वाट्याला आलेले नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ मध्येच बंद पडायचे आणि स्क्रीनवर संदेश यायचा व्हिडिओची मेमरी संपल्याचा. साहजिकच ग्राफिक्स कार्डावर संशय जायचा. २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, की दोष प्रोसेसरकडेच होता, तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यावर सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तोवर कितीजणांना 'तुमच्याकडूनच काहीतरी होत असणार' हे ऐकावे लागले असेल, कोण जाणे.

बुधवारी रात्री पावणेबाराला ते कलम बदलल्यावर चिरंजीवांनी संगणक नुसता चालू ठेवला आणि दिवा मालवला. रात्री पाण्याच्या निमित्ताने ते दोनदा उठल्याचे काकूंनी अंथरुणातून पाहिले. काकाही एकदा उठले होते. स्वतः काकू उठल्या नाहीत, पण झोपही लागली नाही.

सकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा संगणक चालू होता. रात्रीची पाने मॉनिटरवर तशीच होती. शेजारी झाकलेला चहाचा कप होता. चिरंजीवांनी तो केला होता आणि त्यात साखर जास्त पडली होती. ते स्वतः बाथरूममध्ये होते, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ होते. वही उघडी होती. काकूंच्या शेवटच्या नोंदीखाली, त्यांच्याच रकान्यांत, निळ्या शाईत लिहिले होते:

'रात्री ११.५० ते सकाळी ६.४०. कुणीच नाही. चालु.'

काकूंनी चहाचा एक घोट घेतला. मग पेनांच्या डब्यातून लाल पेन काढले, 'लु' चा उकार दीर्घ केला, आणि कथेचे पहिले पान लावायला घेतले.